अंबादास आरोंदेकर कधी वारले?

माणूस मेल्यावर कुठे जातो याबद्दल आपल्याकडे हवी तेवढी मतं मिळतात. पण तो नेमका कधी मेला, हे विचारायला जा. धड उत्तर देणारा एक माणूस भेटेल तर शपथ. हेरंब आरोंदेकरांना हे ज्ञान वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, गुडगावात, भर उन्हाळ्यात झालं. साल दोन हजार.

सुरुवात पुण्याच्या फोननं झाली. हेरंबचे सख्खे काका, बाळकाका, निवृत्त झाल्यापासून आरोंदेकर घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. निवृत्त पुणेकरानं करायच्या ज्या काही गोष्टी असतात, त्यांत फिरायला जाणं आणि पत्र लिहून चुका काढणं यांच्यानंतर कुलवृत्तांताचाच नंबर लागतो.

"हेरंबा, सगळं तयार आहे. एकच जागा रिकामी राहिलीय. माझे काका, अंबादास. म्हणजे तुझे चुलत आजोबा. दिल्लीला सरकारी नोकरीत गेले ते गेलेच. एकोणपन्नास सालापर्यंतची माहिती आहे, पुढची नाही. मृत्यूची तारीख हवी. तू दिल्लीतच आहेस, तेवढं बघ."

"काका, मी गुडगावात आहे."

"तेच ते."

गुडगाव म्हणजे दिल्ली नव्हे, हे पुण्याच्या माणसाला पटवण्यात अर्थ नसतो. हेरंबच्या खिडकीतून समोर दोन अर्धवट उंच इमारती, एक काचेचं ऑफिस आणि त्या ऑफिसच्या सावलीत बसलेल्या म्हशी दिसायच्या. रोज सकाळी कंपनीची बस त्याला मानेसरला न्यायची. तिथे मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो खरेदी विभागात उपव्यवस्थापक होता. ज्या माणसाला देशाच्या कानाकोपऱ्यातून हव्या त्या मापाचा नटबोल्ट शोधून काढता येतो, त्याला एक आजोबा सापडू नयेत? हेरंबनं काकांना शब्द दिला.

"तुम्ही 'हो' म्हणालात?" विनयानं विचारलं. नवऱ्यानं पुण्याच्या फोनवर 'हो' म्हटलं की पुढचे दोन महिने घरात काय होतं, याचा तिला अनुभव होता.

"अगं, एक तारीख तर शोधायचीय."

"कुलवृत्तांत म्हणजे काय, बाबा?" बारा वर्षांच्या मृणालनं विचारलं. ती दिल्लीकडेच वाढलेली. हेरंबनं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अच्छा. पण यात कूल काय आहे?"

खालच्या मजल्यावर खुराना साहेब राहत. ते सोसायटीचे सचिव होते आणि कुणाच्याही कामात स्वतःहून पडायचं असं व्रत त्यांनी घेतलेलं होतं. त्यांनी सगळी हकिगत ऐकली, मान हलवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोठी कहाँ पर है?"

"कौन सी कोठी?"

"हेरंब जी, पचास साल बाद कोई मरे हुए आदमी को ऐसे ही नहीं ढूँढता. हम से क्या छुपाना?"

कोठी नाही, बंगला नाही, नुसती तारीख हवी आहे, हे हेरंबनं तीनदा सांगितलं. दर वेळी खुरानांच्या मनातली कोठी एक मजल्यानं वाढत गेली.

हेरंबनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, 'आजोबांचा मृत्यू'. साहेबांनी चेहरा गंभीर केला. "ओह. कब हुआ?"

"पता नहीं, सर."

साहेबांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला, पण रजा मिळाली.

जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर एक सज्जन बाबू बसले होते. ते सज्जन होते, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

"किसका चाहिए?"

"मेरे दादाजी के भाई का. अंबादास आरोंदेकर."

"अरोड़ा?"

"आरोंदेकर."

"हाँ हाँ, वही. तारीख?"

"तारीख ही तो चाहिए."

बाबूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देखिए, हमारे यहाँ सब कुछ तारीख से लगता है. आप तारीख बता दीजिए, हम तारीख निकाल देंगे."

 यात कुठेतरी गडबड आहे असं हेरंबला वाटत होतं, पण बाबूंच्या चेहऱ्यावरचा मदतीचा भाव इतका खरा होता की वाद घालायला जीभ उचलेना.

"अच्छा, मरे किस इलाक़े में?" बाबूंनी दुसरी वाट दाखवली. दिल्लीत मरणाची तीन राज्यं होती: महापालिकेचं, नव्या दिल्लीच्या नगरपालिकेचं आणि लष्करी छावणीचं. ज्याच्या हद्दीत प्राण गेला, कागद त्याच्याकडे. "ये आप के घर वालों को पता होना चाहिए," बाबू जरा दुखावून म्हणाले, आणि ते खरंच होतं. घरचा माणूस कुठे मेला हे घरच्यांना ठाऊक नाही, हे सांगताना हेरंबला पहिल्यांदाच ओशाळल्यासारखं झालं.

त्यानं तिन्ही राज्यं पालथी घातली. दर खेपेला रजा. दर खेपेला कारण तेच. "वही दादाजी?" साहेब विचारायचे. "जी सर, वही." कंपनीच्या बसमध्ये लोक त्याच्यासाठी खिडकीची जागा सोडू लागले. सारखी सारखी घरात मयत होणाऱ्या माणसाला एवढं तरी द्यावं, असा भाव. प्रत्येक खिडकीवर आरोंदेकरांचे अरोडा होत आणि मग बाबू हताशपणे हात पसरत: "अरोड़ा तो जी, दिल्ली में जितने कहो उतने मरे हैं."

एका शनिवारी तो पहाडगंजच्या मराठी शाळेतही जाऊन आला. जुनी मराठी माणसं तिथे कुणाला तरी ठाऊक असतील, असं विनयानं सुचवलं होतं. तिथे लोक प्रेमानं बोलले, चहा पाजला, चार जुन्या घरांचे फोन नंबर दिले. त्या चारही घरांनी पुन्हा प्रेमानं चौकशी केली, मुलगी कितवीत आहे ते विचारलं, हेरंबच्या बायकोचं माहेरचं आडनाव विचारलं आणि अंबादास आरोंदेकर हे नाव कधी ऐकलं नाही म्हणून सांगितलं. दिल्लीतल्या एका मराठी माणसानं इतकी वर्षं इतर मराठी माणसांच्या नजरेला न पडता राहायचं म्हणजे एकतर तो फार मोठा असला पाहिजे, नाहीतर त्याला कुणाच्या नजरेला पडायचंच नसलं पाहिजे. हेरंबच्या डोक्यात हा विचार आला, आणि गर्दीत बस पकडताना गेलाही.

"पेपर में दो," खुराना म्हणाले. "जिस ने देखा होगा, खुद बोलेगा."

एका हिंदी वर्तमानपत्राच्या जाहिरात खिडकीवर एक मुलगी बसली होती. तिच्यासमोर वर्गवारी होती: वधूवर, भाड्यानं देणे, हरवले, शोक. मेलेल्या माणसाची चौकशी या सदरात कुठेच बसेना. तिनं 'हरवले' करून पाहिलं.

"उम्र?"

"होते तो पचासी."

"आख़िरी बार देखे गए तब क्या पहना था?"

हेरंबनं एकोणपन्नास साली चुलत आजोबांनी काय घातलं असेल याचा प्रामाणिकपणे विचार केला. मग दोघांनी मिळून 'शोक' नक्की केलं. रविवारची काही योजना होती, तिच्यात चौकट आणि फोटो फुकट. अंबादासांचा फोटो नव्हता. "कोई बात नहीं, फ़ॉर्म पे आप का लगा दीजिए," ती म्हणाली, आणि हेरंबनं पाकिटातला पासपोर्ट फोटो काढून दिला. माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात की त्या वेळी त्याला कुणीतरी मागे ओढायला हवं असतं. त्या वेळी विनया घरी वरण शिजवत होती.

रविवारी सकाळी हेरंब एका गालाची दाढी उरकून दुसऱ्याला फेस लावत होता, तेवढ्यात मृणाल ओरडली, "बाबा! तुम्ही पेपरात आलात!"

क्षणभर त्याला बरंच वाटलं. मग त्यानं वाचलं.

काळी चौकट. आत तो स्वतः, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी. खाली: 'अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है कि श्री हेरंब आरोंदेकर का स्वर्गवास हो गया है.' त्याखाली गुडगावचा पूर्ण पत्ता, फ्लॅट नंबरासकट. आणि सगळ्यात खाली, 'शोकाकुल: अंबादास आरोंदेकर.'

विनयानं पेपर हातात घेतला.  "फोटो मात्र शांत आलाय," ती म्हणाली.

"विनया!"

"नाही, म्हणजे एरवी तुम्ही फोटोत वैतागलेले दिसता."

दारावरची बेल वाजली. खुराना पांढऱ्या कुडत्यात उभे होते. समोर अर्ध्या फेसातला हेरंब बघून ते थोडे दचकले, पण सचिवपद त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. "हेरंब जी," ते त्याचा हात धरून म्हणाले, "आप के बारे में पढ़ के बहुत दुख हुआ."

"अहो, मी जिवंत आहे! आप ही ने तो इश्तेहार देने को कहा था!"

"वो मैं समझ गया. पर नीचे लोग जमा हो गए हैं, किसी को तो आगे आना था. टेंट वाले से सफ़ेद चादरें भी मँगवा लीं. अब वो वापस नहीं लेगा."

मग लोक यायला लागले. वीज गेलेली, म्हणून लिफ्ट बंद. सोसायटीचं जनित्र चालवायचं की नाही हे खुरानांच्या हातात होतं आणि खुराना चादरी अंथरण्यात गुंतलेले. भर मे महिन्यात पाच मजले चढून, घामाघूम होऊन, चेहऱ्यावर दुःख घेऊन आलेल्या माणसासमोर आपण नुसतं जिवंत बसून राहणं किती अवघड असतं, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. लोकांना आनंद व्हायचा, नाही असं नाही, पण आधी थोडा दम लागायचा, मग थोडी निराशा व्हायची आणि मग आनंद. सवयीनं सगळे विनयाशीच बोलत. "हिम्मत रखिए, भाभी जी." ती 'हो' म्हणून पाणी देत होती. हेरंब कोपऱ्यात बसला होता. त्याला दोनदा कुणीतरी मयताचा धाकटा भाऊ समजून सांत्वन केलं.

साहेबांचा फोन आला. विनयानं उचलला. कंपनी तुमच्या पाठीशी आहे, असं ते तिला सांगत होते. हेरंबनं रिसीव्हर ओढून घेतला. "सर, मैं ज़िंदा हूँ!"

 मग साहेब म्हणाले, "थैंक गॉड. तो कल वो वेंडर वाली स्टेटमेंट ले के आना."

अकराच्या सुमारास गर्दी ओसरली, आणि दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, उंच, सलवार कमीज, हातात घडी केलेला पेपर. पाच मजल्यांनी त्यांना चांगलंच दमवलं होतं. त्यांनी हेरंबकडे बघितलं, पेपरातल्या फोटोकडे बघितलं, पुन्हा हेरंबकडे बघितलं.

"आप तो हैं," त्या म्हणाल्या.

"जी. छपाई की ग़लती है. आप बैठिए, मॅडम," हेरंब पाठ झालेलं वाक्य म्हणाला.

पण बाई बसल्या नाहीत. त्यांनी पेपर उघडून खालच्या ओळीवर बोट ठेवलं.  "और ये? ये शोक करने वाले कौन हैं?"

"ते... ये मेरे दादाजी के भाई थे."

"थे," बाई म्हणाल्या. मग अडखळत, एकेक शब्द जपून ठेवलेल्या डब्यातून काढावा तसा काढत, मराठीत म्हणाल्या, "मी सकाळी पेपर वाचलो. माझे बाबा जाऊन बावीस वर्षं झाली. ते आता कुणासाठी रडतात, ते बघायला मी आलो."

 विनयानं पुढे होऊन त्यांना हाताला धरून बसवलं.

"आंटी, 'आले' म्हणायचं," मृणाल हळूच म्हणाली. मराठीत कुणाची तरी चूक काढायची संधी तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

"बाबा 'आलो' म्हणायचे," बाई म्हणाल्या. "मी मराठी त्यांच्याकडूनच शिकलो. घरात दुसरं कुणी बोलायला नव्हतं."

त्यांचं नाव भानुमती. राजौरी गार्डनला राहत, एका शाळेत हिंदी शिकवत. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. अंबादास फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत सरकारी कारकून होते. तिथे लाहोरहून आलेली सुमित्रा नावाची तरुण विधवा रोज खिडकीवर येई. तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तिला मिळत नव्हता, कारण नवरा कुठे आणि कोणत्या तारखेला मारला गेला ते तिला सांगता येत नव्हतं. अंबादास तो कागद मिळवायला वर्षभर धडपडले. कागद मिळाला नाही. मग त्यांनी तिच्याशी लग्न केलं. सरोजिनी नगरच्या सरकारी घरात संसार झाला. शेजारपाजारी सगळे पंजाबी. आरोंदेकर कुणाच्या जिभेवर बसेना, त्यामुळे ते अरोडासाहेब झाले आणि त्यांनीही ते कधी दुरुस्त केलं नाही.

"कधी गेले?" हेरंबनं विचारलं. 

"अठरा जून, अठ्ठ्याहत्तर," भानुमती एका दमात म्हणाल्या.

एवढंच. तीन राज्यं, साहेबांच्या सगळ्या रजा आणि स्वतःचं मरण खर्ची घालून हेरंब जी तारीख शोधत होता, ती ही. त्यानं तडक पुण्याला फोन लावला.

"काका, तारीख मिळाली! आणि काका, त्यांना मुलगी आहे. इथे माझ्यासमोर बसलीय."

बाळकाका एसटीडीवर नेहमी पुण्याहून थेट ऐकू जावं अशा बेतानं बोलत, त्यामुळे सगळ्या खोलीला ऐकू आलं. "मुलगी? मुलगी कशी असेल? म्हणजे, असेल. पण ती घ्यायची कुठे? हेरंबा, तुला सांगितलं नव्हतं मी. त्यानं ते लग्न केलं ना, तेव्हा आमच्या आजोबांनी त्याचा घटस्फोट केला. बायकोचा नव्हे रे, घराण्याचा. एकोणपन्नास साली. त्याच्या नावानं घडा फोडला, तेरावं घातलं, सगळं केलं. घरापुरता तो तेव्हाच गेला. पण मनाला ते पटत नव्हतं, म्हणून म्हटलं खरी तारीख तरी लिहावी. पण पुढचा वंश... इतर मंडळी काय म्हणतील?"

भानुमतींनी सगळं ऐकलं. पेपरची घडी त्या उगाच नीट करत राहिल्या. "माझा जन्म एक्कावनचा," त्या हेरंबला म्हणाल्या. "म्हणजे मी बाप मेल्यावर दोन वर्षांनी जन्मलो?"

हे बोलताना त्या हसल्या. ते हसू बघितलं आणि हेरंबचं डोकं फिरलं. हा माणूस बाबूंवर कधी चिडला नव्हता, साहेबांवर चिडला नव्हता, जाहिरातवाल्यांना त्यानं अजून फोनही केला नव्हता. तो थेट बाळकाकांवर, ज्यांच्यासमोर आजवर पाय पसरून बसला नव्हता त्यांच्यावर, ओरडला.

"काका, आज सकाळपासून मीसुद्धा मेलोय! छापून आलंय, फोटोसकट! चादरी अंथरल्यात! आणि मी इथे बसून चहा पितोय. बायको आहे, पोरगी आहे. लोक 'गेला' म्हणाले म्हणून माणूस जात नाही हो! तेही तीस वर्षं तिकडे असेच चहा पीत बसले असतील. आपण कुणी विचारलं का त्यांना, कसे आहात म्हणून?"

विनया स्वयंपाकघराच्या दारात थबकली. खुरानांना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी चादर अंथरणं थांबवलं.

फोनमध्ये बराच वेळ फक्त खरखर येत राहिली. मग बाळकाका म्हणाले, आणि या वेळी खोलीला काही ऐकू आलं नाही, "तिला दे."

भानुमतींनी रिसीव्हर कानाला लावला. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. त्रास नाही झाला. दुपारी आमरस खाल्ले. म्हणाले, हा काय आंबा आहे का. नेहमी म्हणायचे. मग झोपले, उठले नाहीत." थोडं थांबून: "हो. गायचे. आंघोळ करताना." मग पुन्हा बराच वेळ ऐकणं. "माझं नाव? भानुमती."

यानंतर पलीकडून काय आलं कुणास ठाऊक. पण भानुमतींनी दुपट्ट्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि फोन धरून नुसत्याच मान हलवत राहिल्या, जणू समोरच्याला ती दिसत होती.

"काय म्हणाले?" फोन ठेवल्यावर विनयानं विचारलं.

"म्हणाले, भानुमती त्यांच्या आजीचं नाव. बाबांच्या आईचं. मला हे ठाऊकच नव्हतं." त्या हेरंबकडे वळल्या. "मी त्यांना काका म्हटलो. तर रागावले. म्हणाले, काका कसला, मी तुझा भाऊ. चुलत असलो म्हणून काय झालं. दादा म्हण."

हेरंबनं मनातल्या मनात नातं लावून बघितलं आणि एकदम उभा राहिला. तासभर तो ज्यांना मॅडम म्हणत होता, त्या त्याच्या आत्या होत्या. त्यानं वाकून नमस्कार केला. एका गालावरचा फेस एव्हाना वाळून त्याचे पापुद्रे निघत होते. मृणालनंही केला. खुरानांनी परिस्थितीचा अंदाज घेतला, हात जोडले आणि विनयाला हळूच विचारलं, "तो कोठी इन के पास है?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात मागच्या इमारतीतलं एक जोडपं उभं होतं, धापा टाकत, तोंडं पाडून. विनया दमून खुर्चीत बसली होती. हेरंब उठायला लागला, पण त्याच्या आधी भानुमती उठल्या. त्यांनी दार पुरतं उघडलं.

"ग़लत छपा है जी," त्या म्हणाल्या. "हमारा लड़का बिल्कुल ठीक है. आप अंदर आइए, गरमी में आए हैं." आणि मागे वळून, चव्वेचाळीस वर्षांच्या लड़क्याला, "हेरंब, तोंड धुऊन ये. मग चहा टाक. बायको सकाळपासून उभी आहे."

दुपारपर्यंत आणखी तीसेक माणसं आली. स्वतःच्या शोकाला आलेल्या त्या सगळ्यांना हेरंब आरोंदेकरांनी स्वतःच्या हातानं चहा दिला, आणि आत्या दाराशी बसून, येणाऱ्या प्रत्येकाला हेरंब आपला कोण लागतो ते सांगत राहिल्या.